उतराई

सुट्टीत चार घटका मौज करणे साधकाला शोभते का, हा प्रश्न आपल्या अभ्यासवर्गांत अधूनमधून निघतो. कोणी म्हणतात, मौज म्हणजे मनाला मोकळे सोडणे, आणि एकदा मोकळे सुटलेले मन परत दावणीला आणायला फार वेळ लागतो. कोणी म्हणतात, शरीराला विश्रांती हवी तशी मनालाही हवी, त्यात वाईट काय? दोन्ही बाजूंनी बरेच बोलून होते, तेवढ्यात चहा येतो आणि विषय तिथेच राहतो. या लेखात हाच प्रश्न थोड्या वेगळ्या बाजूने तुमच्यापुढे ठेवायचा आहे. मौज करावी की करू नये हे क्षणभर बाजूला ठेवू. आपण ती करतो तेव्हा कोणाच्या अंगणात करतो, आणि त्या अंगणाचे काही देणे आपल्याकडे लागते का, याचा विचार करू.

उदाहरण डोळ्यांसमोर असावे म्हणून एक साधी सहल घेऊ.

सिलतरा ते गंगरेल

आमचे सिलतरा रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरच्या रस्त्यावर आहे. म्हणायला गाव, पण ओळख औद्योगिक वसाहतीची. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, आणि रात्रंदिवस ट्रकांची रांग. गच्चीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होऊन खाली येतो. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी पाणी आणि झाडे पाहावीशी वाटली, तर त्याला कोणी भोगवादी म्हणू नये. मग बहुतेक वेळा गाडी गंगरेलकडे वळते. रायपूरहून धमतरी, आणि धमतरीहून थोडे पुढे, असा सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता. महानदीवरचे हे धरण. कागदोपत्री त्याच्या जलाशयाचे नाव रविशंकर सागर, पंडित रविशंकर शुक्ल यांच्या नावावरून.

तिथे नावेत बसावे. घाई नसेल तर नाव सावकाश चालवायला सांगावी. समोर नजर पोहोचणार नाही एवढे पाणी, मध्येच वर आलेल्या टेकड्यांची बेटे, आणि पलीकडे जंगलाची हिरवी कड. काठाला लागले की उतरून झाडांतून पायी फिरावे. सायकल बरोबर आणली असेल तर काठच्या गावांच्या वाटेने तास-दोन तास चक्कर मारावी. उन्हे कलली की पुन्हा नावेत यावे. खर्च बेताचा, शरीराला व्यायाम, डोळ्यांना थंडावा.

अशा सहली जगभर होतात. युरोपात डॅन्यूब नदीवर नावेतच राहण्या-जेवण्याची सोय असते. प्रवासी सकाळी सायकली घेऊन काठावर उतरतात, दिवसभर गावागावांतून फिरतात, आणि नाव पुढच्या धक्क्यावर त्यांची वाट पाहत उभी असते. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतची सायकलवाट त्यासाठी प्रसिद्ध आहे. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना तर वासोटा सांगायलाच नको. साताऱ्याजवळच्या बामणोलीहून नावेत बसायचे, शिवसागर जलाशय ओलांडून तास-दीड तासाने पलीकडे उतरायचे, कोयना अभयारण्याच्या दाट रानातून गड चढायचा, आणि अंधार पडण्याच्या आत त्याच नावेने परत यायचे.

या सगळ्यात पाप कुठे आहे? कुठेही नाही. तरीही एक गोष्ट पाहायची राहते.

नावेच्या तळाखाली

गंगरेलच्या काठावरचा भाग धमतरी जिल्ह्यातले लोक एका शब्दाने ओळखतात: डुबान. बुडालेला मुलूख. १९७०च्या दशकात हे धरण झाले तेव्हा महानदीच्या खोऱ्यातली बावन्न गावे त्यात गेली असे इथे सांगतात. अंगारमोती देवीचे मूळ ठाणेही त्या बुडालेल्या मुलखातच होते. लोकांनी तिला धरणाच्या काठी आणून बसवले. आजही दिवाळीनंतरच्या शुक्रवारी तिथे मडई भरते, आणि जी गावे नकाशावर उरलेली नाहीत त्या गावांची माणसे आपल्या देवीला भेटायला येतात. गाव गेले, शेत गेले, वाटा गेल्या, पण देवीचे नाते त्यांनी सोडले नाही. विस्थापितांना आपल्या हक्कासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही त्याच कथेचे एक पान आहे.

शिवसागराची कथा निराळी नाही. कोयना धरण साठच्या दशकात उभे राहिले. त्याच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, घराघरांत दिवे लागले. कोयना आणि सोळशीच्या खोऱ्यांतली माणसे घरे मोडून रायगड, ठाणे, सांगली, सोलापूरकडे गेली. त्यांतल्या कितीतरी कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे साठ वर्षे रेंगाळला. नातवंडे आजोबांच्या जमिनीचे कागद घेऊन आंदोलनाला बसली.

आता पुन्हा नावेत या. आपण ज्या संथ, निवांत पाण्यावर बोटे बुडवून बसलो आहोत, त्याच्याखाली कोणाचा तरी उंबरठा आहे. जे बेट आपल्याला सुंदर दिसते ते कोणाच्या तरी गावामागच्या टेकडीचे डोके आहे, जिथे तो लहानपणी गुरे घेऊन जात असे. तलावाची ही शोभा निसर्गाने दिलेली नाही. ती माणसांनी, आपली इच्छा असो वा नसो, जागा सोडून दिल्यामुळे तयार झालेली आहे.

एक शब्द, दोन भाषा

या संकेतस्थळासाठी हिंदी लेखांचे मराठी करण्याची सेवा करताना काही शब्द अडवतात. 'उतराई' हा त्यांतला एक. हिंदीत उतराई म्हणजे नावाड्याचे भाडे. पलीकडच्या तीराला उतरवल्याबद्दल त्याला द्यायचे पैसे. मराठीत आपण 'उतराई होणे' म्हणतो ते उपकार फेडण्याला. अक्षरे तीच, पण एका भाषेत देणे पैशांचे, दुसऱ्या भाषेत उपकाराचे.

तुलसीदासांच्या रामचरितमानसातला केवटाचा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. वनवासाला निघालेल्या राम-सीता-लक्ष्मणांना केवट गंगेपार नेतो. देण्यासारखे जवळ काही नाही म्हणून रामाला संकोच होतो. सीतामाई बोटातली अंगठी काढून पुढे करतात. केवट ती घेत नाही. या प्रसंगावर प्रवचने बहुधा केवटाच्या भक्तीवर होतात आणि ते योग्यच आहे. पण क्षणभर रामाच्या संकोचाकडे पाहा. ज्याच्या मालकीची सारी सृष्टी, त्यालाही पलीकडे पोहोचल्यावर 'मी याचे काही देणे लागतो' असे वाटते. पार उतरलेल्या माणसाच्या मनात हा संकोच उभा राहणे, ही मर्यादापुरुषोत्तमाची खूण आहे.

मराठीत उतरणे या क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे. 'पाहुणे कुठे उतरले आहेत?' असे आपण विचारतो. नावेतून काठावर उतरणारा माणूस त्या अर्थानेही उतरतो. त्या क्षणी तो कोणाचा तरी पाहुणा झालेला असतो, मग यजमान त्याला दिसो किंवा न दिसो. तिकीट काढले की हिंदीतली उतराई दिली जाते. मराठीतली उतराई मात्र बाकी राहते.

वहीतली बाकी

इथे कोणी म्हणेल, 'नावाड्याने सांगितले तेवढे पैसे दिले, पार्किंगचे दिले, भजी खाल्ली त्याचेही दिले. आता कसले देणे?' वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे हा युक्तिवाद मला परिचयाचा वाटतो, आणि त्याचे उत्तरही आमच्याच पुस्तकांत सापडते. एखाद्या संस्थेवर देणे आहे हे दिसते आहे, पण रक्कम नक्की किती आणि द्यायचे केव्हा हे ठरलेले नाही, अशी वेळ येते. तेव्हा रक्कम माहीत नाही म्हणून देणे नाकारता येत नाही. अंदाज बांधून तरतूद करावी लागते. ती न करता दाखवलेला नफा हा खरा नफा नसतो, कारण त्यात दुसऱ्याचा वाटा मिसळलेला असतो.

आनंदाचेही असेच आहे. तिकिटाचे पैसे नावाड्याच्या श्रमाचे आणि डिझेलचे होतात. पाण्याचे, जंगलाचे, आणि ज्याचे गाव गेले त्या माणसाच्या त्यागाचे त्यात काहीच नसते. व्हेनिस शहराने २५ एप्रिल २०२४ पासून, सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या पर्यटकांकडून ठरावीक दिवशी ५ युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. शहर चालवायला पैसा लागतो, तेव्हा यात चूक काही नाही. पण ५ युरो देणारा प्रत्येक जण त्या शहराचा उतराई झाला, असे तिथला रहिवासी म्हणेल का?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी यज्ञचक्र सांगताना कठोर शब्द वापरला आहे. मिळालेले परत काही न देता जो नुसता भोगतो, त्याला त्यांनी चोर म्हटले आहे. लक्षात घ्या, भोगणाऱ्याला चोर म्हटलेले नाही. न देता भोगणाऱ्याला म्हटले आहे. आपल्या घरांत जेवणापूर्वी पानाभोवती चित्राहुती घालण्याची रीत याच विचारातून आली. आधी थोडे बाजूला काढायचे, मग घास घ्यायचा. पानातले अन्न त्यामुळे कमी होत नाही आणि जेवणाची गोडीही जात नाही.

एक प्रामाणिक शंका

तरीही शंका उरते, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. धरणाच्या पाण्यावर महानदीच्या खोऱ्यात धान पिकते. गंगरेलचे पाणी भिलाईच्या पोलाद कारखान्याला जाते, रायपूरच्या नळांनाही येते. म्हणजे सहलीला न जाणाराही त्या त्यागाचा लाभ रोज घेतोच. मग सहलीच्या दिवशीच मन का खंतावून घ्यायचे? शिवाय आपण गेलो नाही तर नावाड्याची चूल कशी पेटेल? आणि प्रत्येक सुंदर जागेखाली कोणाचे तरी दुःख उकरून काढत बसलो, तर माणूस हसेल केव्हा?

शंका रास्त आहे. खंत करत नावेत बसण्याने कोणाचेही गाव वर येत नाही. उलट, खंतही एक प्रकारची चैन होऊ शकते. 'आम्ही किती संवेदनशील' या समाधानात घरी यायचे, आणि काठ तिथेच राहायचा. ज्याला आनंदाने हसता येत नाही, त्याच्या हातून मनापासून देणेही होत नाही.

म्हणून नावेतला आनंद पूर्ण घ्यावा. मात्र रोज लाभ घेतो म्हणून देणे संपते असे नाही, उलट ते वाढते. नळ सोडताना आपल्याला गंगरेल दिसत नाही. सहलीच्या दिवशी ते समोर दिसते. एरवी न दिसणारा देणेकरी वर्षातून एकदा डोळ्यांसमोर उभा राहिला, तर त्याला नमस्कार तरी करावा.

आपणही कोणाचा काठ आहोत

ही गोष्ट मला सिलतऱ्यात राहूनच नीट कळते. आमच्या रस्त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. वसाहत जवळ आली की आतल्या माणसांचे हात काचा वर करण्याकडे जातात, हे रस्त्याच्या कडेला उभे राहिले की दिसते. कोणाकोणाच्या चेहऱ्यावर 'इथे लोक राहतात कसे?' असा भाव असतो. तो भाव वाईट मनाने आलेला नसतो. धूर खरोखरच असतो. पण त्याच गाडीतला माणूस ज्या घरी जाणार आहे, त्या घराच्या स्लॅबमध्ये याच भट्ट्यांतून निघालेले लोखंड असू शकते. धुराचा वाटा इथे राहिला, सळई तिकडे गेली. त्यासाठी त्याने आमची क्षमा मागावी अशी कोणाची अपेक्षा नाही. पुढच्या वळणावर चहाच्या टपरीवर थांबून 'इथे कोणत्या पाळीला सुट्टी होते हो?' एवढे विचारले, तरी टपरीवाल्याचा चेहरा बदलतो. आपल्याकडे कोणीतरी माणूस म्हणून पाहिले, हे त्याला कळते.

जे आपल्याला दुसऱ्याकडून हवेसे वाटते, तेच डुबानातल्या माणसाला आपल्याकडून हवे असणार. आपण कधी नावेत असतो, कधी काठावर. सिलतऱ्याचा माणूस गंगरेलला पाहुणा आहे, आणि धमतरीच्या घरातली सळई कदाचित सिलतऱ्याची आहे. देणे एकाच बाजूला नसते. हे ध्यानात आले की अपराधी वाटण्याचे कारण राहत नाही, आणि मिरवण्याचेही नाही. राहते ते नाते.

परिक्रमेची शिकवण

काठाने चालण्याची एक जुनी, कसून घडवलेली रीत आपल्या परंपरेत आहे. ती म्हणजे नर्मदा परिक्रमा. दरवर्षी कितीतरी मराठी माणसे ती करतात. नर्मदामाईला उजव्या हाताला ठेवून चालायचे आणि तिचे पात्र ओलांडायचे नाही. नाव फक्त एकदा, जिथे नदी सागराला मिळते तिथे. दक्षिण तीरावरच्या विमलेश्वराहून उत्तर तीरावरच्या मिठीतलाईला जाताना. बाकी सारा मार्ग काठाचा, आणि काठ म्हणजे काठावरची माणसे. परिक्रमावासी संग्रह करत नाही. ज्या गावी सांज होईल तिथे उतरतो, मिळेल ते सदावर्त घेतो, आणि सकाळी पुढे निघतो. ज्यांच्या घरी दोन वेळचे कसेबसे शिजते, अशी माणसेही त्याला शिधा देतात.

सहलीला गेलेला आणि परिक्रमेला गेलेला, दोघेही एकाच पाण्याकाठी चालतात. फरक श्रद्धेचा आहे असे आपण पटकन म्हणतो. पण आणखी एक फरक आहे. सहलीचा माणूस सगळे पैसे देऊन आलेला असतो, म्हणून त्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. परिक्रमावासीला पसरावा लागतो. आपण दुसऱ्याच्या आधारावर उभे आहोत, हे तो रोज संध्याकाळी अनुभवतो. आधार आपल्यालाही तेवढाच असतो. पाकिटामुळे तो झाकला जातो, इतकेच.

मग करायचे काय?

प्रत्येकाने सहलीला झोळी घेऊन जावे, असे कोणी म्हणत नाही. तीन छोट्या गोष्टी मात्र कोणालाही जमतील.

पहिली गोष्ट, नाव विचारावे. नावेत बसल्यावर 'किती खोल आहे?' हा प्रश्न सगळेच विचारतात. त्यापाठोपाठ 'इथे खाली कोणते गाव होते?' हेही विचारून पाहावे. सांगणाऱ्याला सांगावेसे वाटले तर शांतपणे ऐकावे. नाही वाटले तर आग्रह करू नये, कारण दुसऱ्याचे दुःख हे आपल्या सहलीतले आकर्षण नव्हे. गावाचे नाव घरी नेऊन मुलांना सांगावे. नाव घेतले जाते तोवर गाव पुरते बुडालेले नसते.

दुसरी गोष्ट, पाहुण्यासारखे वागावे. कोणाच्या घरी गेल्यावर आपण मोठ्याने गाणी लावत नाही, परवानगीशिवाय फोटो काढत नाही, खाल्लेल्याची पाने अंगणात टाकत नाही. काठावर उतरल्यावर नियम तेच. शेताच्या बांधावरून सायकल नेण्याआधी विचारावे. चूल पेटवलेल्या घरासमोर थांबून मोबाईल उंचावू नये. पाणी मागावे, आणि कोणी दिले तर दोन मिनिटे टेकून प्यावे. जेवायचे असेल तर शहरातून डबे नेण्याऐवजी काठावरच्या बाईच्या हातचा भात-भाजी विकत घेऊन खावी. किंमत पाडून मागू नये.

तिसरी गोष्ट, तरतूद करावी. सहलीचा खर्च ठरवताना एक भाग वेगळा काढावा, आणि तो काठाच्या नावाने लिहावा. दहा टक्के, पाच टक्के, जमेल तसे. तो काठावरच्या शाळेतल्या एखाद्या मुलाच्या वह्यांसाठी जाईल, झाडे लावण्यासाठी जाईल, किंवा विस्थापितांच्या न्याय्य मागणीच्या कामी येईल. पैसा नसेल त्याने श्रम द्यावेत. मतदार म्हणून आणि नागरिक म्हणून, पुनर्वसनाचा प्रश्न निघेल तेव्हा 'हे आपल्याला काय करायचे' म्हणून पान उलटू नये. पाणी आपल्या घरी येते, तर प्रश्नही आपल्या घरचा आहे.

या तिन्हींनी ऋण पूर्ण फिटेल का? नाही फिटणार. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांपैकी कोणते तरी आजवर कोणाचे पूर्ण फिटले आहे? शास्त्रांनी ती सांगितली ती जन्मभर वहीत उघडी राहावीत म्हणून. वही उघडी असली की माणूस सावध राहतो, हात सैल सोडतो, आणि मिळालेल्या घासाला 'हे माझ्या हक्काचे' म्हणत नाही. साधनेचा मोठा भाग याहून वेगळा नसतो.

तेव्हा, बंधू-भगिनींनो, येत्या सुट्टीत जरूर जा. गंगरेलला जा, वासोट्याला जा, तुमच्या गावाजवळ जिथे पाणी असेल तिथे जा. मुलांना नावेत बसवा, भरपूर चाला, पोटभर हसा. काठाला उतरताना मात्र पाय टेकण्याआधी क्षणभर थांबा, आणि ज्याच्या अंगणात उतरत आहात त्याला, तो दिसत असो वा नसो, मनातल्या मनात हात जोडा. मग पुढे जाऊन पहिला जो माणूस भेटेल, त्याच्याशी दोन शब्द बोला.